जुन्या नौकेची मरामत आणि बंदराची रयत

मराठ्यांच्या आरमाराविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत लढायांचीं वर्णनें पुष्कळ आहेत, गलबतांच्या व तोफांच्या संख्येविषयींचा वाद त्याहूनही पुष्कळ आहे; परंतु त्या गलबतांच्या मरामतीविषयीं फारच थोडें लिहिलेलें आढळतें. ही उणीव किरकोळ नव्हे. दगडी किल्ला एकदां बांधला म्हणजे शेंदोनशें वर्षें थोडक्या डागडुजीवर उभा राहतो. लांकडी नौकेचें तसें नाहीं. ती पाण्यांत लोटली त्याच दिवसापासून तिचा क्षय सुरू होतो. खाऱ्या पाण्यांतील किडा तिचा तळ पोखरतो, उन्हानें फळ्यांचे सांधे उकलतात, लोखंडी खिळे गंजून भोंवतालचें लांकूड कुजवितात; आणि दोनचार पावसाळे तिच्याकडे कोणीं पाहिलें नाहीं तर ती जळाऊ लांकडाच्या मोलाची होते. वीस वर्षें चाललेली नौका म्हणजे वीस वेळां दुरुस्त झालेली नौका. म्हणून अमक्या सरदाराजवळ इतक्या गुराबा होत्या असें जेव्हां एखादा कागद सांगतो, तेव्हां त्या गुराबा दरसाल कोणीं, कोठें, कोणत्या लांकडानें व कोणाच्या खर्चानें तरत्या ठेविल्या हा प्रश्न विचारल्यावांचून त्या आंकड्याला अर्थ येत नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाच्या शेवटच्या अंगाचा, म्हणजे खर्च कोणावर पडे व लाभ कोणास होई याचा, मुख्यतः विचार करण्याचें योजिलें आहे.

हा विषय येडगांवासारख्या ठिकाणाहून हातीं घ्यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. येडगांव हें जुन्नर तालुक्यांतील कुकडीकांठचें गांव. तें आणि समुद्र यांच्यामध्यें सबंध सह्याद्रि उभा आहे. कुकडीचें पाणी घोडनदींत, घोडनदीचें भीमेंत व भीमेचें कृष्णेंत जाऊन अखेर पूर्वसमुद्रास मिळतें. परंतु या खोऱ्यांतील व्यापार मात्र फार प्राचीन काळापासून पाण्याच्या उलट दिशेनें, पश्चिमेकडे, चालत आला. नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख, घाटाच्या तोंडाशीं असलेला व जकातीचा म्हणून समजला जाणारा दगडी रांजण, जुन्नरच्या लेण्यांत कोरलेलीं यवनांचीं दानें, आणि तिकडे कान्हेरीच्या लेण्यांत येणारीं कल्याणच्या दात्यांचीं नांवें हे सर्व एकाच वाटेचे पुरावे होत. कल्याण-सोपाऱ्याच्या खाडींत नौका उभी नसती तर नाणेघाट चढून येण्याचें बैलाला कारणच उरलें नसतें. आणखी एक दुवा तर संग्राहकांच्या रोजच्या हाताखालचा आहे. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागदाचें नांव येतें. जुन्नरास कागदी लोकांची वस्ती होती व जुन्या पोत्या-चिंध्यांपासून तेथें हातकागद तयार होत असे. झिजलेल्या वस्तूपासून पुन्हां कामाची वस्तु करण्याची विद्या या प्रदेशाला परकी नाहीं. येडगांवाला आतां स्वतःचें पाणीही आहे. कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांपैकीं तेथील धरण १९७७ सालीं पुरें झालें. या नव्या पाण्याकडे आम्ही शेवटीं येणारच आहों.

आमच्या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट उत्तर देणारा ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. तें शके १६३७ च्या सुमाराचें, म्हणजे इ. स. १७१५–१६ मधील असून त्याचा कर्ता शिवछत्रपतींच्या कारकीर्दीपासून राज्यकारभार स्वतः पाहिलेला व चालविलेला पुरुष आहे. दुर्गांच्या प्रकरणानंतर त्यानें आरमाराचें प्रकरण घातलें आहे व आरमारास राज्याचें एक स्वतंत्र अंग मानिलें आहे. त्यांतील लांकडासंबंधींचें कलम इतकें प्रसिद्ध आहे कीं वृक्षसंरक्षणाच्या व्याख्यानांत तें हमखास येतें. मात्र व्याख्यानांत तें येतें तेव्हां त्यांतून आरमार गळालेलें असतें! मूळ कलमाचा आशय असा: राज्यांतील अरण्यांत साग वगैरे झाडें असतील त्यांपैकीं जरूर तीं हुजूरची परवानगी घेऊन तोडावीं, त्यावेगळें जें लागेल तें परमुलखांतून विकत आणावें, आंबा, फणस यांचेंही लांकूड आरमाराच्या उपयोगाचें खरें, पण त्यास हात लावूं देऊं नये, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदींच जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, त्यास द्रव्य देऊन, मग तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये.

आतां येथें एक शंका घ्यावीशी वाटते. नव्या गुराबेच्या कण्याला किंवा मुख्य बाकांना आंबा-फणस कोण घालील? तेथें साग हवा, आणि तो रानांतून आणावा लागतो. तो आणण्यास महिनेच्या महिने लागतात व तेवढी सवड नवी बांधणी करणारास असते. उलट ज्याचें गलबत खाडीच्या कांठीं ओढून ठेविलें आहे, ज्याच्या तळाच्या चार फळ्या सडल्या आहेत, आणि पावसाळा सरून समुद्र मोकळा होण्यापूर्वीं ज्यास तें पाण्यांत घालावयाचें आहे, त्याची नजर साहजिकच किनाऱ्यामागच्या वाडींत उभ्या असलेल्या झाडांकडे जाते. कोंकणच्या वाडींतील झाडें म्हणजे मुख्यतः आंबा, फणस, नारळ. तेव्हां आमच्या मतें हें कलम नव्या बांधणीपेक्षां मरामतीवरच अधिक रोंखलेलें आहे. मरामत तांतडीची असते; तांतडीचें काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातीं शिपाई असतात; आणि शेजारीं गरिबाचें झाड असतें. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें हें अमात्यांनीं पाहिलेलें असलें पाहिजे, एरव्हीं रयतेच्या दुःखाचें वर्णन एका राजनीतीच्या ग्रंथांत इतक्या कळवळ्यानें आलें नसतें. जीर्ण नौकेसाठीं जीर्ण झाड, आणि तेंही मोल देऊन: या एका तोडग्यांत मरामतीचा सगळा न्याय आला आहे.

हा अर्थ एकट्या कलमावर उभारलेला नाहीं. त्याच प्रकरणांतील दुसरीं विधानें त्यास पोषक आहेत. गुराबा फार थोर नकोत व अगदीं लहानही नकोत, मध्यम प्रतीच्या असाव्या. वाऱ्यावांचून हालत नाहींत अशीं मोठीं जहाजें करण्याचें प्रयोजन नाहीं असें ग्रंथकार सांगतो. पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा अशी त्याची योजना आहे. या मध्यमपणाचा अर्थ इतिहासकार बहुधा लढाईच्या सोयीवरून लावितात, व तो बरोबरच आहे. परंतु मध्यम गलबत भरतीबरोबर खाडींत नेतां येतें, ओहोटीस चिखलावर टेकवितां येतें व गांवचा सुतार त्यास हात घालूं शकतो, हेंही विसरतां येत नाहीं. पुढें आरमाराचा तनखा मुलखांतून नेमून द्यावा, समुद्रावरील लुटीच्या उत्पन्नावर त्याची नेमणूक ठेवूं नये, कारण तसें केल्यानें व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरें बुडतात, असें सांगितलें आहे. आणि पावसाळ्याच्या छावणीविषयींचा नियम तर आमच्या विषयाशीं अगदीं लगटून आहे: दरसाल एकाच बंदरीं आरमाराची छावणी करूं नये. यांतील हेतु आम्हांस असा दिसतो कीं चार महिने शेंकडों खलाशी, सुतार व शिपाई एका खाडींत पडून राहिले म्हणजे लांकूड, सर्पण, गवत, धान्य, काथ्या या सर्वांचा ताण त्याच एका गांवावर येतो. बंदर बदललें कीं तो वांटला जातो.

घोडदळाच्या छावणीविषयीं हीच काळजी शिवछत्रपतींच्या चिपळूणकडील प्रसिद्ध पत्रांत दिसून येते. लोकांनीं रयतेच्या भाजीसही हात लावूं नये, लागेल तें बाजारांतून विकत घ्यावें, हा त्या पत्राचा गाभा वाचकांस विदितच आहे. आरमाराच्या बाजूचें असेंच महत्त्वाचें पत्र म्हणजे जानेवारी १६७५ मध्यें प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास पाठविलेलें. पद्मदुर्गाचें काम चालू असतांना दर्यासारंग व दौलतखान यांजकडे नेमलेला ऐवज व गल्ला त्यानें पोंचविला नाहीं म्हणून त्यास अत्यंत कडक शब्दांत बजावलेलें आहे. तें पत्र आजवर अधिकाऱ्यास कसें धारेवर धरावें याचा मासला म्हणून वाचलें जातें. आम्ही तें मरामतीच्या अंगानें वाचतों. दरबारांतून नेमलेली रसद वेळेवर न आली तर दर्यावर्दी उपाशी राहत नाहीं. तो लगतच्या गांवांत शिरतो. हुजूरचा पैसा व रयतेचें रक्षण हीं दोन वेगळीं खातीं नव्हेत, एका खात्याची जमा थांबली कीं दुसऱ्याचा खर्च वाढतो.

आरंभींच्या आरमाराची हकीकतही याच प्रश्नाकडे बोट दाखविते. १६५७ त कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर तेथें नौका बांधण्याचें काम सुरू झालें. १६५९ च्या पोर्तुगीज कागदांवरून असें दिसतें कीं रुई लैतांव व्हियेगस या नांवाच्या एका पोर्तुगीजाच्या हाताखालीं वसईकडचे कारागीर या कामावर होते, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांचें मन वळवितांच ते काम टाकून निघून गेले. नवी नौका परक्या कारागिराकडून बांधून घेतां येते. तो गेल्यावर तिची मरामत मात्र कोणीं करावी? उत्तर एकच: खाडीवरच्या माणसानें. पुढें पेण, कल्याण, विजयदुर्ग, रत्नागिरीच्या बाजूस जी सुतारी विद्या मुरली ती दरवर्षींच्या या सक्तीच्या शिक्षणानेंच मुरली असावी. बांधणी शिकण्यास संधि लागते, मरामत शिकण्यास नुसता पावसाळा पुरे होतो.

हें मरामतीचें काम प्रत्यक्ष कसें चालत असे हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण कागदांतील शब्द त्याशिवाय उलगडत नाहींत. मृग लागण्यापूर्वीं नौका उधाणाच्या भरतीस खाडींत घेऊन, शक्य तितकी वर चढवून, तळाखालीं ओंडके देऊन बसवीत. वर झांवळ्यांचें छप्पर घालीत. आजही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी जून व जुलै या दोन महिन्यांत बंद असते व तोच दुरुस्तीचा काळ असतो. प्रथम डोलकाठी, परबाण व शिडें उतरवावयाचीं. मग तळावर चिकटलेले शिंपले व शेवाळ खरडून काढावयाचें. त्यानंतर परीक्षा: सुतार हातोडीनें एकेक फळी वाजवून पाहतो, बद्द आवाज येईल तेथें आंत पोकळी समजावयाची. सडलेला भाग तोडून त्या जागीं नवा तुकडा बसविण्यांत खरी कसोटी असते, कारण जुनी फळी वर्षानुवर्षें पाण्यांत राहून आपला बाक घेऊन बसलेली असते व नवें लांकूड त्या बाकाला तयार नसतें. मुंबई-सुरतेच्या बांधणींत तर फळ्यांच्या कडांस खांच पाडून एक फळी दुसरींत गुंतविलेली असे. तेव्हां एक काढावयाची म्हणजे शेजारच्या दोहोंस हात लावणें आलेंच. पठाण, म्हणजे तळचा कणा, शाबूत असेल तर बाकी सर्व बदलतां येतें. पठाण गेलें कीं नौका गेली, असा साधारण ठोकताळा आहे. सांधे कापूस किंवा ताग ठासून राळेनें बुजवावयाचे, आणि वरून तेल व चुना यांचा लेप द्यावयाचा. माशाच्या काळजाचें तेल व पुढें काजूच्या टरफलाचें तेल हीं या कामास किनारभर वापरांत होतीं. काजू हें झाड पोर्तुगीजांनीं आणिलेलें. तें परकें झाड अखेर देशी नौकेचें औषध होऊन बसलें ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

या दृष्टीनें विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत गिर्ये येथें कातळ फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी अवश्य पाहण्यासारखी आहे. तिची लांबी सुमारें साडेतीनशें फूट व रुंदी सव्वादोनशें फूट भरते. किल्ल्याचा तट पाहावयास येणारांपैकीं दहांतला एकही या गोदीकडे वळत नाहीं. परंतु आमच्या मतें तटाइतकीच तिची योग्यता आहे. नौका भरतीबरोबर आंत आणावी, ओहोटीस कोरडी पाडावी, व वारा-लाटांपासून निर्धास्त होऊन तिला हात लावावा, अशी ती जागा आहे. ज्यानें ही गोदी खोदविली त्यास नौकेचें आयुष्य लढाईंत नव्हे, येथें ठरतें हें कळलें होतें. पुढें फेब्रुवारी १७५६ मध्यें इंग्रजांच्या माऱ्यानें तुळाजी आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गास जळालें तें एका दिवसांत जळालें. कांहीं पिढ्यांची मरामत अशी एका दुपारीं संपली. आग प्रथम ज्या जहाजास लागून इतरत्र पसरली तें पूर्वीं इंग्रज कंपनीकडूनच हस्तगत केलेलें होतें, आणि त्याचें नांव होतें ‘रेस्टोरेशन’, म्हणजे पुनःस्थापना. एखाद्या बखरकारानें असें नांव लिहिलें असतें तर आम्हीं तें कल्पित म्हणून टाकून दिलें असतें.

जुन्या लांकडी नौकेच्या पुनरुद्धारानें एखाद्या बंदराचें भलें होतें काय, या प्रश्नाचें आधुनिक काळांतील एक उत्तर आपल्याच मुंबईच्या एका जहाजानें दूर विलायतेंत दिलें आहे. ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मलबारी सागवानाची बांधली गेली व १८१७ च्या ऑक्टोबरांत पाण्यांत उतरली. तिचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ या जहाजावरून निघाले होते. तें जहाज १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकनांच्या हातीं पडल्यामुळें नकाशे गेले व दुसरी प्रत मागवावी लागली. सरकारी कामांतून निघाल्यावर ही नौका १८९७ सालीं विकली गेली, ‘फूद्रोयां’ या नव्या नांवानें मुलांस नाविक शिक्षण देण्याकडे लागली, आणि १९८६ त तेंही काम संपून नुसती जीर्ण होऊन राहिली. १९८७ मध्यें तिला हार्टलपूल या इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बंदरांत नेण्यांत आलें. त्या गांवचा जहाजबांधणीचा धंदा १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांतच बंद पडला होता व जुने कारागीर रिकामे होते. २००१ पर्यंत चाललेल्या दुरुस्तींत त्या गांवांतल्या हातांस पुन्हां काम मिळालें, नव्या हातांस जुनी विद्या मिळाली, आणि आज पाण्यावर तरंगणारी ब्रिटनमधील सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ती पाहण्यास लोक त्या बंदरीं येतात. इतकीं वर्षें लोटल्यावरही तिचें बरेंचसें मूळ सागवान कायम राहिलें ही मुंबईच्या सुतारांची साक्ष होय. त्याच गोदींतून १८१३ त निघालेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर १८४२ त नानकिंगचा तह झाला हें सर्वांस ठाऊक असतें. ‘ट्रिंकोमाली’च्या नशिबीं तहाचा मान नव्हता, पण एका बंद पडलेल्या बंदराची भाकरी होती. दोहोंपैकीं थोरवी कोणाची म्हणावी हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

मात्र येथें एक भेद लक्ष्यांत ठेविला पाहिजे. हार्टलपूलच्या नौकेस पैसा बाहेरून आला. गांवच्या कोळ्यांच्या जाळ्यांतून तो काढावा लागला नाहीं. अमात्यांची कसोटी तेथें उतरते. आपल्याकडे १९५० नंतर यांत्रिक होड्यांस सरकारी उत्तेजन मिळालें, पुढें कांचतंतूंच्या होड्या आल्या, आणि लांकडी मचवे, पडाव, होड्या एकामागून एक किनाऱ्यावर कुजूं लागल्या. यास आम्ही कोळ्यांस दोष देत नाहीं. सागवान महाग, सुतार म्हातारा, आणि कांचतंतूच्या होडीस दरसालची खटपट थोडी. अशा वेळीं जुनी होडी जतन करा असा उपदेश मुंबई-पुण्याच्या माणसानें तिच्या धन्यास फुकट करणें म्हणजे आंबा-फणसास हात लावण्यासारखेंच आहे. जतनाचा हौशी खर्च ज्याला जतन हवें आहे त्यानें करावा. आणि दुरुस्त झालेली होडी शक्य तोंवर त्याच बंदरीं, त्याच लोकांच्या उपयोगांत राहावी.

जतन न केल्यास काय होतें याचाही दाखला ताजा आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एका प्राचीन जहाजाचें चित्र आहे. त्यावरून दोरीनें फळ्या शिवून एक जहाज प्रत्यक्ष उभें करण्याचा उद्योग २०२३ पासून गोमंतकांत झाला, व ‘कौंडिण्य’ या नांवानें तें जहाज २०२५ त कारवार येथें भारतीय नौदलांत दाखल झालें. काम स्तुत्य आहे. परंतु मूळ नौकेची एकही फळी हातीं नसल्यामुळें केवळ भिंतीवरील रंगांवरून आकार ठरवावा लागला, त्याची परीक्षा विद्वानांकडून करवावी लागली, आणि शिवणीची विद्या ज्यांच्याकडे अद्याप जिवंत होती असे केरळांतील कारागीर आणावे लागले. ते कारागीर नसते तर चित्र चित्रच राहिलें असतें. आज रत्नागिरी-मालवणच्या वाळूंत जी होडी पडून आहे तिचें माप घेण्यास चित्राची गरज नाहीं, एक दोरी व एक दुपार पुरे.

आतां घाटमाथ्याच्या नव्या पाण्याकडे वळतों. कुकडी प्रकल्पाच्या येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगें व डिंभें या पांच धरणांनीं जुन्नर-आंबेगांवांत पांच जलाशय निर्माण केले. घोडनदीवरील डिंभें धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें. ज्या गांवानें तालुक्यास नांव दिलें त्यावरून आतां होडी जाते, व तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. तेथील विस्थापितांत महादेव कोळी पुष्कळ. केवळ ‘कोळी’ या नांवावरून डोंगरांतील महादेव कोळी व किनाऱ्यावरील सोनकोळी यांचा एकच धंदा कल्पिणारे लेखक आम्हीं पाहिले आहेत. वस्तुतः महादेव कोळ्यांचें जीवित भात-नाचणीच्या शेतीवर व रानांतल्या हिरड्यावर चालत आलें, जाळ्यावर नव्हे. जमीन पाण्याखालीं गेल्यावर मात्र त्यांनीं नांवाप्रमाणें कामही पत्करलें. शाश्वत या संस्थेच्या साह्यानें त्यांनीं डिंभें जलाशयावर मच्छीमार सहकारी संस्था उभी करून तेथील मासेमारीचा हक्क आपल्या हातीं घेतला, आणि या उद्योगाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक २०१२ सालीं शाश्वत संस्थेस मिळालें. समुद्रावर शेंकडों वर्षांत जें घडलें तें येथें एका पिढींत घडलें: होडी आली, आणि तिच्याबरोबर तिची निगा, तिचा खर्च व तिच्यावरचा हक्क हेही प्रश्न आले. येथें हक्क व होडी दोन्हीं पाण्याकांठच्या लोकांकडे राहिलीं म्हणून हें उदाहरण आम्हांस नोंदण्यासारखें वाटतें. अमात्यांच्या ग्रंथांत ज्या रयतेच्या वतीनें राजा अधिकाऱ्यास आज्ञा करितो, ती रयत येथें आपला हिशेब स्वतः लिहीत आहे.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. किनारपट्टीवरील घराण्यांच्या दप्तरांत सनदा व करीने यांच्या जोडीला खिळे, राळ, तेल, काथ्या, लांकूड व सुतारांची मजुरी यांच्या लहानलहान याद्या सांपडतात. त्यांवर शिक्का नसतो, कोणा मोठ्या पुरुषाचें नांव नसतें, आणि म्हणून त्या रुमालांतून प्रथम बाहेर पडतात. अशा यादींत लांकूड कोणत्या गांवाहून आलें, त्याचें मोल दिलें कीं तें वेठीनें आणिलें, आणि सुतारास रोख मिळालें कीं धान्य, या तीन गोष्टी असल्या तर ती सनदेइतकी मोलाची समजावी. त्याचप्रमाणें जुनी होडी दृष्टीस पडल्यास तिची लांबी, रुंदी व खोली, पठाणाच्या लांकडाची जात, फळ्या शिवलेल्या, खिळलेल्या कीं खांचेंत गुंतविलेल्या, मागाहून घातलेले तुकडे कोठें व कशाचे, आणि तिच्या भागांस तेथील लोक कोणत्या नांवांनीं ओळखतात, एवढें टिपून घ्यावें. नांवें लिहितांना शुद्ध करूं नयेत, जशीं ऐकूं येतील तशींच लिहावीं. मोडी कागदांतील पुष्कळसे अडलेले शब्द कोशांत सुटले नाहींत ते अशा टिपणांतून सुटतील. अशा याद्या व टिपणें मंडळाकडे आल्यास तीं बंदरवार लावून क्रमशः प्रसिद्ध करण्याचें आम्हीं मनांत आणिलें आहे. आरंभ वाघोटणच्या खाडीपासून करावा असा विचार आहे.